जुन्या डेस्कटॉपवर अँड्रॉइड: पेरणीपासून हळदीच्या काढणीपर्यंतचा अनुभव

वसमतला माझं कृषी सेवा केंद्र आहे. ज्या बियाणे कंपनीचा माल माझ्याकडे सगळ्यात जास्त जातो, तिने गेल्या मृगाच्या तोंडावर डीलरची वेबसाइट बंद करून ऑर्डर भरणं फक्त मोबाईल ॲपवर नेलं. ऐन हंगामात काउंटरवर गिऱ्हाईक, कानाला शेतकऱ्याचा फोन आणि त्याच फोनवर ऑर्डर. मधेच कॉल आला की भरलेली यादी साफ. हेल्पलाइनला तक्रार केली तर उत्तर आलं, "सर, एक टॅब घेऊन टाका." समोर धडधाकट डेस्कटॉप चालू असताना टॅबला पैसे घालायची माझी तयारी नव्हती, आजही नाही.

म्हणून ॲप डेस्कटॉपवरच चालवायचं ठरवलं. सुरुवात ब्लूस्टॅक्सने केली, हा विंडोजमध्ये अँड्रॉइड ॲप चालवणारा प्रोग्राम. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवायची सोय) चालू करावं लागलं, मग चाललं. पण ८ जीबी रॅममध्ये आधी विंडोज आणि त्याच्या पोटात अख्खं अँड्रॉइड. जोडीला स्टॉकची शीट उघडली की माऊससुद्धा अडखळायचा. वर गेमच्या जाहिराती. पेरण्या उरकल्यावर काढून टाकलं.

मग ब्लिस ओएस, म्हणजे कॉम्प्युटरसाठी बनवलेलं अँड्रॉइड. हे विंडोजच्या आत चालत नाही, डिस्कच्या वेगळ्या भागात (पार्टिशनवर), थेट मशीनवर बसतं. वेग पाहून मी हरखून गेलो. कीबोर्ड चालू, माऊस चालू, आवाज चालू. कंपनीचं ॲप उघडलं आणि सगळी स्क्रीन कुशीवर पडली.

कुशीवर म्हणजे खरंच कुशीवर. वाणांची नावं खालून वर वाचायची. मी मॉनिटर उचलून बिलबुकांच्या थप्पीला टेकवून उभा ठेवला, तेव्हा ॲप सरळ दिसलं. ॲपमधून बाहेर आलो की होम स्क्रीन आडवी, म्हणजे मॉनिटर पुन्हा फिरवा. अशा अवस्थेत मी खताची ऑर्डर भरली आहे. इतर परीक्षणांत ही गोष्ट एका वाक्यात उरकलेली असते, माझ्या दृष्टीने मात्र सगळा खेळ इथेच आहे. पुण्यात ॲप बनवणाऱ्या भाच्याने कारण सांगितलं: ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये, म्हणजे ॲपची मूळ माहिती असलेल्या फाइलमध्ये, 'पोर्ट्रेट' (उभं) अशी एक ओळ असते. ती लिहिली की ॲप उभंच उघडणार, समोर मोबाईल असो की मॉनिटर. गुगलने अँड्रॉइड १६ पासून मोठ्या पडद्यावर ही सक्ती मोडीत काढायला घेतली आहे, पण त्या आवृत्तीसाठी तयार केलेल्या ॲपांपुरतीच. आमच्या कंपनीचं ॲप तिथवर कधी पोचेल, देव जाणे.

त्या वेळी लिहायला बसलो असतो तर 'डेस्कटॉपवर अँड्रॉइडच्या नादी लागू नका' असंच लिहिलं असतं. ते मत आता राहिलं नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझा प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाही, म्हणून विंडोजच्या जागी उबंटू हे लिनक्स टाकलं आणि त्यावर अँड्रॉइड ॲप चालवणारं वेड्रॉइड. हे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर उभा करत नाही. लिनक्सचाच कर्नल (गाभा) वापरून अँड्रॉइड एका कप्प्यात चालवतं, त्यामुळे रॅमवर ताण कमी. बसवताना मात्र घाम फुटतो. आमचं ॲप मोबाईलच्या एआरएम चिपसाठी बनलेलं, डेस्कटॉप इंटेलचा. मधे दुभाष्याचं काम करणारी लायब्ररी वेगळी टाकावी लागते. प्ले स्टोअर चालू व्हायला गुगलकडे डिव्हाइसचा आयडी नोंदवावा लागतो. हे सगळं भाच्याने फोनवर सांगून करून घेतलं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर आधी नीट चौकशी करा, त्याच्या कंपनीच्या ड्रायव्हरवर हे चालत नाही.

पण यात खिडकीची रुंदी आणि उंची स्वतः ठरवता येते. मी रुंदी कमी, उंची जास्त दिली. ॲप उभं, मॉनिटर आडवा, शेजारी स्टॉकची शीट. शीटमधला आकडा कॉपी करायचा आणि ॲपमध्ये पेस्ट करायचा. रब्बीत हरभऱ्याची ऑर्डर भरताना कॉल येत राहिले आणि यादी जागची हलली नाही. मी समाधानी आहे.

काय चालत नाही, तेही सांगतो. यूपीआय नाही, नोंदणीला त्याच सिमवरून मेसेज जावा लागतो आणि इथे सिमच नाही. बँकेचं ॲप उघडताच बंद होतं. सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या ई-पीक पाहणीसाठी शेतकरी दुकानात येऊन म्हणतात, "भाऊ, तुमच्या काम्प्युटरवरच करून टाका की." होत नाही. वावरात उभं राहून, लोकेशनसकट पिकाचा फोटो लागतो. आणि वीज पडण्याचा इशारा देणारं दामिनी ॲप कृपा करून डेस्कटॉपवर ठेवू नका. जीपीएस नसल्यामुळे तुम्ही कुठे आहात हे त्याला कळत नाही, आणि इशारा वावरातल्या माणसाला हवा असतो. ते खिशातल्या फोनवरच असू द्या. शेतकऱ्यांसाठीचं हवामानाचं ॲप मेघदूत मात्र छान चालतं. जिल्हा निवडला की मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला मोठ्या अक्षरात दिसतो. आता हळद शिजवून वाळत घालायचे दिवस आहेत, त्यामुळे पावसाचा अंदाज बघायला लोक काउंटरपाशी थांबतात.

८ जीबीपेक्षा कमी रॅम असेल तर या वाटेला जाऊ नका. आणि डीलरसाठी ॲप बनवणाऱ्या कंपन्यांना माझी एकच मागणी आहे: ती पोर्ट्रेटची ओळ काढा, नाहीतर आमची वेबसाइट परत द्या.