आर्वीचे पूल टेबल आणि माझे न वाकणारे बोट

आर्वीच्या बसस्थानकापासून पायी पाच-सात मिनिटांवर, एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर, पूलची, म्हणजे लांब काठीने बॉल मारून ते टेबलाच्या कडेच्या खिशांत घालायच्या खेळाची, दोन टेबले असलेली एक खोली आहे. गेले आठ महिने मी आठवड्यातून दोनदा सकाळच्या एसटीने गावाहून येऊन तेथे सराव करतो. ज्यांना या खेळात नुसता वेळ न घालवता खरोखर हात बसवायचा आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या डाव्या हाताची तर्जनी चार वर्षांपूर्वी कडबा कुट्टीच्या यंत्रात सापडली. बोट वाचले, पण मधल्या सांध्यात ते कायमचे ताठ राहिले. त्यामुळे तर्जनीचा वेढा करून त्यातून क्यू, म्हणजे खेळायची काठी, सरकवायचा, तो बंद ब्रिज (ब्रिज म्हणजे क्यूला टेकू देणारी पंजाची ठेवण) मला करताच येत नाही. पूर्वी मी ज्या ठिकाणी जात असे, तेथे हे बघून “तुमच्याच्यानं होणार नाही” असे मला सांगण्यात आले होते. येथील मालकांनी मात्र पहिल्याच दिवशी माझा पंजा कापडावर ठेवायला लावला, एकेक बोट दाबून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, बोट वाकत नाही त राहू द्या. तळवा हालला नाही पायजे, बस.”

त्यांनी मला उघडा ब्रिज दिला. चार बोटे पसरून कापडावर रोवायची, अंगठा तर्जनीच्या मुळाशी दाबून किंचित वर उचलायचा आणि त्या खाचेतून क्यू चालवायचा. जोराचा शॉट उघड्या ब्रिजवरून मारता येत नाही, असा समज आपल्याकडे पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मलेल्या स्नूकर या पूलसारख्याच खेळाचे खेळाडू जवळजवळ सर्रास उघडाच ब्रिज वापरतात आणि क्यूने मारायचा पांढरा बॉल मागे खेचणारा स्क्रू शॉटही त्यावरूनच मारतात. क्यू खाचेतून उसळत असेल, तर बहुतेक वेळा दोष बोटांचा नसतो. शॉटच्या ऐन वेळी खांदा किंवा कोपर हललेले असते.

मला खरा आनंद झाला तो अडचणीच्या जागी लागणाऱ्या ब्रिजचा. पांढऱ्या बॉलच्या मागे दुसरा बॉल चिकटून असेल, तर त्या साधारण ५७ मिलिमीटर उंचीच्या बॉलवरून क्यू न्यावा लागतो आणि पंजा उचलून बोटांच्या टोकांवर तोलावा लागतो. इतरांची तर्जनी तेथे थरथरते, माझी ताठ असल्यामुळे खांबासारखी उभी राहते. करंगळीचे टोक बाजूला रोवले की टेकू पुरा होतो. बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागून असेल, तेव्हा पंजा टेबलाच्या लाकडी काठावर सपाट ठेवून तर्जनी आणि मधले बोट यांच्यामधून क्यू सरळ काठावरून सरकवायचा, हेही मला त्यांनी सुचवले. तेथे बोट वाकवण्याची गरजच पडत नाही.

शॉटच्या सरावासाठी ते थंड पेयाची रिकामी काचेची बाटली टेबलावर आडवी ठेवतात. क्यूचे टोक काचेला न लागता बाटलीच्या तोंडातून आत जावे आणि तसेच बाहेर यावे, एवढेच काम असते. पहिल्या आठवड्यात दर दुसऱ्या खेपेला टिंग असा आवाज यायचा. मूठ सैल धरली, कोपर एका जागी ठेवले आणि क्यू मागे नेल्यावर क्षणभर थांबायला शिकलो, तेव्हा तो आवाज हळूहळू कमी झाला. दुसरा सराव असा, की पांढरा बॉल टेबलाच्या मधोमध सरळ समोरच्या कुशनवर मारायचा आणि तो परत येऊन क्यूच्या टोकालाच भेटला पाहिजे. खिडकीकडचे टेबल खिडकीच्या बाजूला थोडे उतरते असल्यामुळे हा सराव दोन्ही टोकांकडून करावा. दोन्हीकडून बॉल खिडकीकडेच झुकला, तर दोष टेबलाचा. दोन्ही वेळा तो आपल्या डाव्याच हाताला गेला, तर दोष आपला. मालकांना उतार दाखवला, तेव्हा त्यांनी तो मान्य केला. मात्र टेबल अजून तसेच आहे.

संध्याकाळी येणारी मुले १९९९ साली पूलमधील नाइन-बॉल या प्रकाराचे जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांचे खेळ मोबाईलवर पाहून त्यांच्यासारखा लांब ब्रिज धरतात. रेयेस यांच्या मनगटाची लय आयुष्यभराची आहे. नवख्या माणसाचा पंजा पांढऱ्या बॉलपासून जितका लांब, तितकी टोकाशी होणारी चूक मोठी. वीस ते पंचवीस सेंटिमीटर अंतरावर बाटलीचा सराव पक्का होईपर्यंत त्यापुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट टेबलावर येतो, कापड दमट होते आणि बॉल जड चालतो. मे महिन्यात मी शॉटचा जोर वाढवत गेलो आणि पावसाळ्याआधी हाताची सगळी लय बिघडली. घामाच्या हातावर कॅरमची पावडर लावण्याची येथे पद्धत आहे, तिचे पांढरे डाग कापडात बसले आहेत. त्यापेक्षा तीन बोटांचा पातळ हातमोजा बरा, मी तोच वापरतो. लांबच्या शॉटसाठी लागणारी रेस्ट, म्हणजे हात पोचत नाही तेथे क्यू टेकवायची काठी, दोन टेबलांत मिळून एकच आहे आणि तिचे प्लॅस्टिकचे डोके ढिले झाले आहे.

दर तासाला शंभर रुपये, पण सकाळी दहा ते एक या वेळात एकट्याने सराव करणाऱ्याला साठ. शिकवण्याचे वेगळे पैसे मालक घेत नाहीत, आणि गर्दीच्या वेळी त्यांना शिकवायला सवडही नसते. त्यामुळे सकाळीच जावे, भिंतीकडचे टेबल मागावे. बाटली काउंटरखालच्या क्रेटमध्ये ठेवलेली असते, ती मागितल्याशिवाय निघत नाही.