यकृतासाठी मध की प्रोपोलिस?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी मेळघाटच्या मधाची बाटली कायम असते. भाचीनं परवा प्रोपोलिसचा अर्क आणला आणि विचारलं, "मामा, औषधांनी यकृत बिघडू नये म्हणून यातलं काय घेऊ?"

मधात सुमारे 80 टक्के साखरच असते. पेशींना जपणारी पॉलिफेनॉल्स असतात, पण अगदी थोडी. खोकल्याला, घशाला मध उत्तम. यकृताचं कवच म्हणून त्याच्याकडे बघू नये. मधुमेह असेल तर हात आखडताच बरा, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला बोटभरही नको.

प्रोपोलिस म्हणजे झाडांच्या कळ्यांचा चीक गोळा करून मेणात मळलेला, पोळ्याच्या फटी बुजवणारा डिंक. पाण्यात दोन थेंब टाकले की पाणी दुधाळ होतं, कपाच्या काठाला चिकट पिवळा डाग राहतो. त्या चिकटपणातच फ्लॅव्होनॉइड्स, म्हणजे पॉलिफेनॉल्सचाच एक प्रकार, आहेत. पॅरासिटामॉल किंवा कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताला घातक रसायन दिलेल्या उंदरांत प्रोपोलिसनं यकृताची हानी कमी झालेली दिसली आहे. म्हणून या बाबतीत माझा कौल प्रोपोलिसला. माणसांतला पुरावा मात्र तोकडा आहे, आणि काहींना त्याची चांगलीच ॲलर्जी येते. आपल्या देशी सातेरी मधमाश्या तो जमवत नाहीत. मिळतो तो बहुतेक परदेशातून आणलेल्या मेलिफेरा मधमाश्यांचा.

पण शेतातल्या फवारणीच्या औषधाची गोष्ट वेगळी. 2017 साली यवतमाळात कीटकनाशकाच्या फवारणीनं माणसं दगावली, ते मी विसरलो नाही. फवारणीनंतर घाम, लाळ, चक्कर आली की यातलं काहीच चाटवत बसू नका. कीटकनाशकाचा डबा सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.