खासगीपणावरचं संशोधन: पैसा सरकारचा, कंपनीचा की परदेशी?

समजा, विषय ठरला आहे: पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांच्या गेटवरची ॲप. घरकामाला येणाऱ्या मावशींचा फोटो, मोबाइल नंबर, येण्याजाण्याच्या वेळा, कुठे कुठे तर कामाला दिलेले स्टारही त्यात साठतात. हे करताना त्यांना कुणी विचारलं का, काम सुटल्यावर नोंद पुसली जाते का, हे शोधायचं आहे. पैसा कुणाकडे मागायचा?

या विषयासाठी मी आधी आयसीएसएसआरकडे, म्हणजे समाजशास्त्रीय संशोधनाला पैसा देणाऱ्या केंद्र सरकारच्या परिषदेकडे, अर्ज करायला सांगेन. खर्च मुख्यतः मुलाखती घेणाऱ्यांच्या मानधनाचा आणि प्रवासाचा. समाजशास्त्राच्या प्रकल्पात तो सहज बसतो. जाच आहे तो कागदांचा. अर्ज संस्थेमार्फत जातो, हप्ते रखडतात, उपयोगिता प्रमाणपत्रासाठी (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) लेखा विभागाच्या खेपा घालाव्या लागतात. पण पोलिसांचे सीसीटीव्ही किंवा आधार हा विषय असेल, तर ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशावर काम चालणार. कॅनडाने यावर चांगली वाट काढली. तिथला प्रायव्हसी कमिशनर मंत्र्याला नाही, संसदेला उत्तरदायी असतो आणि त्याचं कार्यालय 2004 पासून स्वतंत्र संशोधनाला अनुदान देतं, वर्षाला 5 लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत. आपल्या 2023च्या कायद्यातलं डेटा संरक्षण मंडळ मात्र चौकशी आणि दंडापुरतं. ही उणीव मला फार खुपते.

कंपनीचा पैसा लवकर येतो, कागदपत्रंही कमी. खरी अडचण डेटाची. 2018 मध्ये समाजमाध्यमांचा लोकशाहीवरचा परिणाम अभ्यासणाऱ्या 'सोशल सायन्स वन' उपक्रमात पैसा मुद्दाम खासगी प्रतिष्ठानांकडून घेतला, फेसबुककडून फक्त डेटा. 2021 मध्ये उघड झालं की त्यातून अमेरिकेतले जवळपास निम्मे वापरकर्ते गळले होते. ज्यांचा राजकीय कल दिसत नव्हता, नेमके तेच. संशोधकांची मेहनत अशा अर्धवट आकड्यांवर खर्ची पडली. त्याच वर्षी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांची खाती फेसबुकने बंद केली. स्वयंसेवकांनी स्वखुशीने ब्राउझरमध्ये बसवलेल्या एक्स्टेन्शनमधून ते राजकीय जाहिराती गोळा करत होते. कारण दिलं खासगीपणाचं आणि अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी (एफटीसी) झालेल्या कराराचं. कराराचं कारण आयोगाने जाहीरपणे खोडून काढलं. म्हणून डेटा निनावी करण्याच्या गणितासाठी कंपनीचा पैसा जरूर घ्यावा. प्रश्न त्याच कंपनीच्या वागण्याचा असेल, तर घेऊ नये.

परदेशी निधीत नेदरलँड्सची एनएलनेट ही मुक्त सॉफ्टवेअरला अनुदान देणारी संस्था छोट्या कामांना सोयीची: साधारण 5 ते 50 हजार युरो, एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. मात्र तयार होणारं साधन मुक्त परवान्याखाली द्यावं लागतं. गेटवरचं ॲप कुणाकुणाला माहिती पाठवतं हे दाखवणारं सॉफ्टवेअर करणार असाल तर उत्तम. मावशींच्या मुलाखतींसाठी उपयोग नाही. शिवाय एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा आपला कायदा, आहेच. 2020च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्चही 20 टक्क्यांच्या आत. दिल्लीच्या मोठ्या संस्थेने पैसा घेऊन नाशिकच्या छोट्या गटाला द्यायचा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. व्यक्ती म्हणून घेणार असाल तरी अर्जाआधी सीएला विचारा.

पैसा कुणाचाही असो, सही करण्याआधी करारातलं प्रकाशनाचं कलम वाचा. मसुदा आधी पाहायला मागितला तर मुदत घालून द्या. छापण्यासाठी त्यांची संमती लागेल असं लिहिलेलं असेल, तर ते खोडून घ्या. खोडायला तयार नसतील तर दुसरीकडे अर्ज करा.