ट्रॉम्बोनचा भोंगा सुटा करून घेताना: मकरपुऱ्यातल्या वर्कशॉपचं काम

लेथकाम अव्वल, डाख (वितळलेल्या कथील-शिशाने केलेला सांधा) मध्यम. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या या छोट्या वर्कशॉपबद्दल थोडक्यात इतकंच. ट्रॉम्बोन या पितळी फुंकवाद्याचा भोंगा (पुढचा पसरट तोंडाचा भाग) कापून, तो फिरवून काढता-लावता यावा म्हणून आट्यांची कडी बसवायला देणार असाल तर कुठे निर्धास्त राहायचं आणि कुठे उभं राहून काम करून घ्यायचं, ते खाली.

आधी एक गैरसमज काढून टाका. भोंगा निघाला म्हणून ट्रॉम्बोन विमानात हातसामान म्हणून जात नाही. तिथे लांबी साधारण 55 सेंटीमीटर चालते आणि स्लाइडच (मागेपुढे सरकणारी लांब नळी) पाऊण मीटरच्या आसपास भरते. फायदा जाडीत आहे. साडेआठ इंची भोंगा म्हणजे पेटी 22 सेंटीमीटरपेक्षा जाड; तो वेगळा ठेवला की पेटी चपटी होते, गाडीत बर्थखाली सरकते. शिवाय गळ्यातले (भोंग्याच्या निमुळत्या भागातले) पोचे काढायला कारागिराचा मँड्रेल, म्हणजे आतून आधार देणारा दांडा, सरळ आत जातो.

कुठे कापायचं हे इथे आधी मोजून ठरवतात, आणि यातच त्यांची समज दिसते. फार मागे कापलं तर पेटी आणखी चपटी होते, पण कडी स्लाइडला आणि हाताला अडते. फार पुढे कापलं तर कडी मोठी, वजनदार, आणि सगळा भार डाव्या मनगटावर. पुढच्या ब्रेसच्या (नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या दांडीच्या) पुढे, स्लाइड जोडून, हात पहिल्या पोझिशनला, म्हणजे स्लाइड पूर्ण आत घेऊन, ठेवून जागा आखून घ्या. आखल्याशिवाय करवत लावू देऊ नका.

कापणी हाताने नाही, लेथवर. गळ्याच्या उताराला बसेल असा लाकडी गट्टू आत घालून भोंगा फिरवतात, त्यामुळे काप काटकोनात येतो. तिरका काप म्हणजे तिरकी कडी, आणि मग भोंगा स्लाइडकडे झुकलेला. करवतीत गेलेलं मिलिमीटरभर पितळ कडीच्या खाचेत भरून काढतात, म्हणजे आतल्या दोन्ही कडा जवळजवळ भिडतात. जुने भोंगे गळ्याशी बहुधा लंबगोल झालेले असतात. ते आधी मँड्रेलवर गोल करून घेतात. दाबून कडीत बसवलं तर डाख पुढे कधीतरी तडकणारच. कड्या जामनगरच्या पितळाच्या, आटे बारीक आणि स्वच्छ. हाताने फिरवताना कुठे अडत नाहीत.

आता डाख. कथील-शिशाचा 63-37 वापरतात, तो 183 अंशांना वितळतो. हे बरोबर आहे. चांदीची झाळ मजबूत म्हणून कुणी गळ्यात मारली तर नको म्हणा. 600 अंशांपुढे तापलेलं पितळ नरम पडतं आणि त्या जागी पोचा लगेच बसतो. तक्रार वेगळीच आहे. आत ओघळलेला डाख खरवडत नाहीत. बोट घालून बघा, खवल्यासारखी कड लागते. ती तशीच ठेवून घेऊ नका. दुसरं, फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावलेलं रसायन) नीट धुवत नाहीत. काही दिवसांनी कडीच्या बुडाशी हिरवट रेघ उमटते. गरम पाणी आणि खायचा सोडा, त्यांच्यासमोरच. लॅकर (पितळावरचा चकचकीत थर) कडीच्या दोन्ही बाजूंना जळतंच, तो दोष त्यांचा नाही. पण तो पट्टा सरळ रेषेत घासून घ्या, नाहीतर भोंगा डागाळलेला दिसतो.

ताब्यात घेण्याआधी खालचे सूर जोरात वाजवा आणि अर्ध्या अर्ध्या सुराने वर या. कुठे झणझणलं तर त्या सुरावर कडी बोटांनी दाबा. आवाज थांबला तर दोष तिथेच, डाखात किंवा आट्यांत. थांबला नाही तर ब्रेस तपासा. कापताना हादरे बसून जुने डाख सुटतात.

आट्यांना स्लाइडचं ग्रीस नको, धूळ धरतं. मेणबत्तीचं मेण पुरे. भोंगा उघडताना कडीजवळ धरा, काठाला धरून पीळ दिला तर गळा वाकतो. आणि उघड्या आट्यांसाठी टोपण इथे देत नाहीत. नर आटे ट्रॉम्बोनच्या अंगावर राहतात आणि पेटीत पहिला टोला त्यांनाच बसतो, म्हणून त्याच मापाची नायलॉनची टोपी लेथवर लगेच वळवून मागा. लग्नसराईआधी, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या बऱ्याच आधी काम टाका. नंतर बँडवाल्यांच्या दुरुस्त्या सुरू झाल्या की टोपी राहते बाजूला.