सांगलीतलं ॲनिमेशन-कथेचं चर्चासत्र : सकाळ पैसे वसूल, दुपार घाईची

विश्रामबागेत रविवारी झालेल्या या एकदिवसीय चर्चासत्रात जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणी संगणक उघडला नाही. सॉफ्टवेअर शिकायला आलेल्यांनी नाकं मुरडली. पण ॲनिमेशनपटाची गोष्ट शिकवायची तर हाच क्रम बरोबर आहे.

यामागे हिशेब आहे. कॅमेऱ्याने चित्रपट करताना चार टेक जास्त घेऊन संकलनात कापता येतं. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एकेक चित्र दोन-दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला १२, मिनिटाला ७२० चित्रं, तीही एकाच पात्राची. एवढं काढून झाल्यावर प्रसंग फेकायला कुणाचा हात धजत नाही, म्हणून मोडतोड कागदावरच उरकायची. त्यासाठी 'टॉय स्टोरी'चा दाखला दिला, तो नेमका होता. नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्नेला दाखवलेल्या कच्च्या रीळात वुडी हे मुख्य पात्र इतकं खडूस निघालं की काम थांबवून पटकथा नव्याने बांधावी लागली. चित्रपट आला १९९५ मध्ये.

सरावाला ९० सेकंदांची बिनसंवादी गोष्ट होती, आणि विषय अस्सल इथला : मार्केट यार्डातलं पांढरं मांजर हळदीच्या ढिगात पडतं, पिवळंधमक होऊन बाहेर येतं आणि त्याची पिल्लंच त्याला ओळखत नाहीत. आधी सहा चिठ्ठ्या, एकेका चिठ्ठीवर एकच घटना. मग काडेपेटीएवढ्या चौकटींत झटपट रेखाटनं, आणि शेवटी साधारण ३० चौकटींचा स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्ट चित्रांनी क्रमाने मांडलेला फलक.

निम्म्या गटांनी मांजराच्या तोंडी "अरे, मी तुमची आई!" घातलंच. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं त्या गावात कान संवादाला सरावलेला असणारच. मार्गदर्शकांनी वाक्य खोडलं आणि विचारलं, आवाज बंद केला तर काय दिसतं? एका गटाचं उत्तर झकास होतं : धीट पिल्लू आईचं अंग चाटतं आणि जिभेखालून पांढरा पट्टा उघडा पडतो. ओळख पटली, एक शब्द न बोलता.

फक्त एक गोष्ट खटकली. गोष्टीचा कणाच पांढरा-पिवळा हा फरक, आणि हातात दिले नुसते काळे पेन! एक पिवळी पेन्सिल दिली असती तर कोणत्या चौकटीत रंग बदलतो ते भिंतीवर लांबूनही दिसलं असतं.

बोर्डांची तपासणी मात्र कसून झाली. सगळ्या चौकटी मध्यम शॉटच्या, ना लांबून ना जवळून, हा नेहमीचा दोष. त्यामुळे ढीग किती मोठा आणि पिल्लू किती इवलं हे कळतच नाही. दुसरा दोष दिशेचा. एका चौकटीत मांजर डावीकडून उजवीकडे पळतं, पुढच्यात उलटं, मग ते माघारी फिरलं असं वाटतं. पात्र पूर्ण काळं भरून पाहायची चाचणीही करून घेतली : नुसत्या आकारावरून कृती ओळखू आली नाही तर पोझ बदला. आणि छटा भरत बसू नका. चौकटीवर तीन मिनिटांहून जास्त घालवली की ती काढून टाकणं जिवावर येतं.

दुपारी ॲनिमॅटिकचं, म्हणजे बोर्डाच्या चौकटी वेळ लावून एकामागून एक दाखवणाऱ्या कच्च्या फिल्मचं, गणित फसलं. ३० चौकटी, ९० सेकंद, म्हणून बहुतेकांनी प्रत्येकीला सरसकट तीन सेकंद दिले. ढिगात पडायला एक सेकंद पुरतो. पिल्लू आईकडे बघत थांबतं तिथे पाच लागतात. हे सांगितलं गेलं, पण सुधारायला वेळच ठेवला नव्हता. कच्चा आवाज तर शेवटच्या वीस मिनिटांत उरकला. तो आधी लावायला हवा. मुकं ॲनिमॅटिक रेंगाळल्यासारखं वाटतं, माणूस चौकटी छाटत सुटतो, आणि नंतर सौद्याचा गलका घातला की विनोदाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. मोबाइलने तिरपे काढलेले फोटोही प्रत्येक कटला हलत होते. टेबलावर चिकटपट्टीने कागदाचे कोपरे आखून मोबाइल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवला की हे टळतं.

उदाहरणं बहुतेक अमेरिकेची, थोडी जपानची. फिल्म्स डिव्हिजनचा १९७४ चा 'एक अनेक और एकता' हा ॲनिमेशनपट राहून गेला. गाण्यावर गोष्ट कशी चालवायची हे शिकवायला तो हाताशीच होता.

चहा-जेवणासकट दीड हजार रुपये. चित्रकलेचा हात थोडाफार बसलेल्यांना आणि एकांकिका लिहिणाऱ्यांना हे सत्र जरूर उपयोगी आहे. ब्लेंडर किंवा क्रिटासारखं सॉफ्टवेअर शिकायचं असेल तर इथे येऊ नका. दोन्ही फुकट मिळतात, घरी बसून शिकता येतात. पुढच्या खेपेला जाणार असाल तर चिकट चिठ्ठ्यांचा गठ्ठा, मऊ पेन्सिल आणि एक तरी रंग सोबत न्या, आणि संध्याकाळची गाडी मिरजेहून उशिराची बघा. सहाला संपणारं सत्र साडेसातपर्यंत लांबलं होतं.