शिलाई लाइनवर आधी काय बदलायचं: खुर्ची की टेबल?

कपडे शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या ऑपरेटरांच्या, मान भरून येते, खांदे आणि कंबर दुखते, अशा तक्रारी वाढल्या की मालकाच्या मनात पहिल्यांदा खुर्च्याच येतात. त्यात चूक काही नाही. उंची कमी-जास्त करता येणारी, कंबरेला टेकू देणारी, पुढची कड गोलसर असलेली खुर्ची लाकडी स्टुलापेक्षा कधीही बरी. चाकांची मात्र घेऊ नका. पायडल दाबला की ती मागे सरकते आणि ऑपरेटर दिवसभर तोल सावरत राहते.

पण खुर्च्या येऊन महिना झाला की त्या नीट पाहा. पाठीचा टेकू कोरा करकरीत, पुढची कड तेवढी दबलेली. टेबल ठेंगणं असलं की सुई दिसावी म्हणून मान खाली जाते, मानेमागून पाठ जाते. पायडल एका जागी घट्ट बसवलेला असेल, तर तिथवर पाय पोहोचवायला शरीरालाच पुढे सरकावं लागतं. अशा वेळी महागातली महाग खुर्चीही नुसती बसायची जागा ठरते.

म्हणून माझा कौल आधी टेबलाला. ते कोपरापेक्षा थोडं उंच हवं, साधारण 5 ते 15 सेंटीमीटर, आणि ऑपरेटरच्या बाजूला निदान 10 अंश उतरतं. एवढ्यानेही मान आणि पाठ कमी वाकते. बऱ्याच स्टँडच्या पायांना उंचीचे बोल्ट असतातच; वर्षानुवर्षं कुणी न हलवल्यामुळे ते गंजलेले असतात. म्हणजे खर्च बराचसा मेकॅनिकच्या वेळेचा. उतारामुळे कात्री आणि कापड घसरतं, त्यासाठी कडेला पट्टी लावावी. दोन पाळ्यांत एकच मशीन दोघी चालवत असतील तर उंचीवरून ओढाताण होईल. तिथे खुर्ची अन् पायडल दोन्ही सहज हलणारे लागतील.

अर्धं मिनिटही न लागणारी तीच शिलाई दिवसभर घालणाऱ्या मनगटाला यातलं काहीच पुरत नाही. त्याला कामाची अदलाबदल आणि छोट्या सुट्ट्या हव्यात. पीस रेटवर, म्हणजे नगामागे पैसे मिळणारी बाई सुट्टीसाठी उठणार नाही, तेव्हा त्या मिनिटांचे पैसे धरा. बोटांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांकडे पाठवायला उशीर करू नका.

सुरुवात लाइनवरच्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या ऑपरेटरपासून करा. बोल्ट आवळण्याआधी दोघींना कापलेल्या तुकड्यांचं एकेक बंडल शिवू द्या आणि मान कुठे ताणते ते विचारा.