डिझेल कॉम्प्रेशन गेज : काटा खरा, वायसर गायब

सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजायला बोहरी आळीतल्या एका दुकानातून १००० पीएसआयपर्यंतचं (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) गेज आणलं. भावकीतला एक जण पेट्रोलचं ३०० वालं फुकट देत होता, पण डिझेलला त्याचा काटा टोकाला जाऊन बसतो, कळत काहीच नाही.

ट्रॅक्टर तीन सिलिंडरचा. सकाळी पांढरा धूर, स्टार्टर दमून जायचा. इंजिन गरम केलं, तिन्ही नोझल (डिझेल फवारणारे) काढले, डिझेल बंद राहावं म्हणून स्टॉपची दांडी ओढून तारेने बांधली, बॅटरी फुल. नोझलच्या भोकात अॅडॉप्टरने (जोडतुकड्याने) गेज बसवून स्टार्टर मारला. पहिला ४१०, दुसरा ४००, तिसरा २७०! पोटात गोळाच आला. मग फुसफुस ऐकू आली. अॅडॉप्टरखाली तांब्याचा वायसरच (गळती रोखणारी चकती) नव्हता. गेजच्या डब्यात एकच होता, तोही दबलेला. नाना पेठेतून नवा आणून टाकला, तर ३३०. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा, तो तरी पुढेच. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं (जास्त नको, डिझेलमध्ये पिस्टनवर जागाच नसते, रॉड वाकतो), काटा ३९० वर. तेलाने फट बुजून दाब वाढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मिस्त्री मात्र आधीपासून हेड (सिलिंडरवरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच) उतरवायच्या गोष्टी करत होता.

काटा आकडा धरून ठेवतो, बटण दाबल्यावरच सोडतो, हे झकास. पाईप वीतभर, वाचताना मान अवघडते. चार तारे; एक वायसरापायी कापला.